जोंधळ्यातलं थांबणं

१

आवाज भरायचं काम माहं. मंठ्यात बसस्टँडजवळ राधेश्यामभाऊची मोबाईल शॉपी हाय, धाव्वीत आपटल्यापासून मी तिथंच. गिऱ्हाईक मेमरी कार्ड आणतं, मी भरून देतो. ट्रॅक्टरवाल्याला रिमिक्स, म्हाताऱ्याला भजन, आमच्या गल्लीत जयंतीची गाणी. तोंड बघूनच वळखतो कोणाला काय लागतं. आन कधी मस्ती आली की मुद्दाम मधी भलतंच घालतो. एका नवरदेवाच्या पेनड्राईव्हमधी तान्हं लेकरू रडल्याचा आवाज टाकल्ता. ऐन वरातीत वाजला. नवरदेवानं घोड्यावरून उतरून मला हाणलं, पण वऱ्हाड हसलं किती!

तोंडानं बी काढतो मी आवाज. हेडमास्तरचा खोकला, एसटीचा रिव्हर्स, लांडोर, पाणी गेलेली मोटर. माही बारकी बहीण साक्षी म्हणती, "दादा, यातला तुहा कोणता रे?"

ह्या हिवाळ्यात भोंगे लई खपले. पाखरं हाकलायचे. जोंधळा दुधात आला की चिमण्या, राघू, होले थव्यानं उतरतात अन् कणसं पोकळ करून जातात. पहिले मचाणावर बाया बसायच्या गोफण घेऊन, दिवसभर वरडायच्या. आता बांबूला बॅटरीचा भोंगा टांगायचा, कार्ड घालायचं, झालं. भोंगा चहा मागत न्हाई.

माही माय बेबीनंदा अशीच राखणीला जायची, बद्रीनाथ मालकाच्या रानात. तिचा आवाज तीन शिवारात वळखीचा. "हाऽऽऽ हुर्रर्र याऽऽ!" मधीच फाटतो आन मंग वर चढतो. पाखरू तं पाखरू, माणूस बी दचकतं. एक दिवस बद्रीमालक तिला घेऊन दुकानात आले.

"प्रितम, तुह्या मायचा आवाज भर यात. पाखरं यालाच भेतात."

माय लाजली. मंग वरडली. स्टँडवरचे समदे बघायला लागले. मी मोबाईलमधून तिला ऐकवलं तं पदर तोंडाला लावून हसली, "अगं बाई, म्या अशी वरडते?"

दुसऱ्या दिवशी मालकानं तिला बांधावरूनच माघारी लावलं. "बेबीबाई, आवाज हाय ना तुमचा इथं. आता तुम्ही कामून यायचं?"

२

माय रातच्याला भाकर मोडता मोडता एवढंच म्हणली, "माह्याच तोंडानं माही भाकर खाल्ली की रं."

लागलं मला. बाप साहेबराव जालन्याला सळईच्या कारखान्यात, तिथला पैसा कधी येतो, कधी येत न्हाई. मायची मजुरी तं आवाज भरून मीच घालवली. मंग डोक्यात आलं, भोंग्यातला आवाज बदलून टाकू. पाखरं भ्यायच्या ऐवजी झोपंला येतील असं काहीतरी. खाऊ द्या मालकाचा जोंधळा दोन दिवस. जल्दी बोलवतील मायला परत.

दुकानात बसून "झोप येणारं संगीत" शोधून राह्यलो व्हतो. बासरी, पाऊस, पंख्याचा आवाज. एकातून दुसऱ्यात जाता जाता एक व्हिडिओ लागला. नुसता काळा-पांढरा फोटो. दाढीवाला गोरा माणूस उभा, एक हात रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर. खाली इंग्रजी का जर्मन. ट्रान्सलेट केलं तं मराठी अशी आली, "संगीतकार विसरला गेला आहे. पियानो आणि तीन तारवाद्यांसाठी हे एकच उरले आहे." नाव ऑगस्ट वेल-काहीतरी. दीडशे वर्सं झाली मरून. व्हिडिओ टाकून नऊ वर्सं झाल्ती आन बघणारे आमच्या गल्लीतल्या घरांपेक्षा कमी. मला हसू आलं. बिचारा ऑगस्टभाऊ!

दहा सेकंद ऐकून सोडणार व्हतो. पुरं ऐकलं.

आता कसं सांगू. पियानो म्हणजे आपली पेटी न्हाई. रिकाम्या हंड्यात एक एक थेंब पडावा असा आवाज. एक व्हायोलिन बारकं, एक त्याच्याहून जरा जाड, आन एक बैलाएवढं, गुडघ्यात धरून वाजवतात ते. पहिल्या भागात चौघं भांडतात, भावकी बांधावरून भांडते तशी. एकाचं संपायच्या आधी दुसरा तोंड घालतो. दुसऱ्या भागात पळतात. तिसरा भाग हळू हाय. बैलाएवढं वाद्य खाली हंबरल्यावानी सुरू व्हतं, बारकी दोघं त्याच्यावर रडतात, पण कशी, आपल्याला कोणी ऐकत न्हाई असं समजून बाई मोरीत रडते तशी. आन मंग एकाएकी चौघं थांबतात. बिलकुल बंद. त्या थांबण्यात कुठंतरी खुर्ची करकरल्याचा आवाज येतो. मंग पियानो एकलाच पुढं निघतो.

माह्या अंगावर काटा आला. कामून आला ते कळंना. पुढं गिऱ्हाईक उभं व्हतं कव्हाचं.

"काय बे," राधेश्यामभाऊ म्हणला, "कोण मेलं?"

"एक जर्मन," मी म्हणलो. "जुनी केस हाय."

३

संध्याकाळी रानात जाऊन कार्ड बदललं. मायचं काढलं, ऑगस्टभाऊचं घातलं. चारी भाग, संपले की परत पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मजा बघायला गेलो. वाटलं, पाखरांची जत्रा भरली असंल आन बद्रीमालक धोतर सावरत पळून राह्यले असतील. जत्रा भरेल व्हती. कणसागणिक चिमणी. राघू, साळुंक्या, होले, जे एकमेकाला जवळ उभं करत न्हाईत ते शेजारी शेजारी. पण एक बी चोच हलत नव्हती. दाणा समोर, आन खात न्हाईत. समद्यांची तोंडं भोंग्याकडं.

मालक बांधावर कमरेवर हात ठून उभे.

"प्रितम, हे काय भरलं रं तू?"

"नवीन आलंय, मालक. विदेशी."

"एक दाणा गेला न्हाई बघ." ते खूश बी व्हते आन भेले बी व्हते. "पण हे असं बसतंय कामून? उद्या मरून पडले तं फॉरेस्टवाले मलाच धरतील. माणूस पाह्यजे इथं नजर ठिवायला. तुह्या मायला सांग, उद्यापासून ये म्हणावं. वरडायचं न्हाई, नुसतं बसायचं."

मचाणावर त्यांनी लाल प्लास्टिकची खुर्ची बी चढवली. उन्हाला आडोसा म्हणून मागं ताडपत्री बांधली.

मी घरी नाचत आलो. माय कामाला लागली, ती बी खुर्चीवर! उलटं भरलेलं पहिल्यांदाच कोणाच्या फायद्याचं झाल्तं. पाखरांचं म्हणावं तं हिवाळा, सुस्ती आली असंल. कोंबडी न्हाई का उन्हात बसत तोंड उघडून.

४

माय तीन-चार दिवस गेली असंल. सकाळी चहा गाळून राह्यली व्हती. कप भरला. ती वतत राह्यली. बशी भरली, वट्यावरून चहा खाली गळायला लागला. माय तशीच, पातेलं वाकडं धरून, भिंतीकडं बघत.

"माय! अगं चहा!"

पातेल्यातला संपला, तरी हात तसाच. मंग एकाएकी पातेलं सरळ झालं आन ती साक्षीवर खेकसली, "कोणी सांडला गं एवढा?"

"तूच की," साक्षी म्हणली. "थांबली व्हती ना मघापून."

"म्या कुठं थांबले?"

पहिले म्हणलं, अशक्तपणा. आमच्याकडं बायांचं रक्त कमीच असतं, दवाखान्यात दर वेळेस तेच सांगतात. पण संध्याकाळी भाकरी थापताना मी आयकत बसलो. थप थप चाललेलं, हळू झालं, मंग त्याला एक चाल आली. चाल माह्या वळखीची. तिसरा भाग. थप, थपथप, थप… आन बरोबर जिथं चौघं थांबतात तिथं तिचे हात परातीवर थांबले. डोळे उघडे. छाती बी हलत नव्हती.

मी मनात पियानोची वाट बघितली. तो जव्हा यायला पाह्यजे तव्हा आला न्हाई. आमच्या मोबाईलमधल्यापेक्षा लई उशिरा तिचा हात हलला.

"काय बघून राह्यला रं मुडद्या? भाकर पाह्यजे का?"

"माय, तुला ते वाजलेलं आवडतं का? रानातलं?"

ती इचारात पडली. "त्यात आवडायचं काय? म्या तं निसती बसते. मधी ते गप व्हतात ना, ते बरं वाटतं. कोणी काही काम सांगत न्हाई तव्हा."

५

रानात जाऊन तपासायचं ठरवलं. मी आवाजाच्या धंद्यातला माणूस, मला कोण येड्यात काढणार? हातात मोबाईल घेतला, भोंग्यावर तिसरा भाग लागला तसा मी मोबाईलवर बी तिथूनच लावला, कानाला धरून. दोन्ही सोबत चालले. बैल हंबरला. बारक्या दोघी रडल्या. चौघं थांबले.

मोबाईलमधी खुर्ची करकरली आन पियानो निघाला.

भोंग्यात न्हाई.

मी वर बघितलं. जोंधळ्याचं एक पातं हलत नव्हतं. जरा आधी वारा व्हता, कानाला झोंबत व्हता. पाखरं कणसावर मातीची केल्यावानी. मचाणावर माय, गुडघ्यावर हात. मोबाईलमधला पियानो लई पुढं निघून गेला, दुसरे तिघं येऊन त्याला मिळाले, आन हिकडं आजून गपच. मंग लांबून, भोंग्यातून म्हणा का आजूबाजूनं म्हणा, खुर्ची करकरली. आन पियानो आला. वारा बी आला.

बॅटरी उतरली असंल, म्हणलं. बॅटरी कमी पडली की आवाज वढल्यावानी व्हतो. पण मंग बाकीचं बी वढल्यावानी व्हायला पाह्यजे, नुसतं थांबणंच कसं लांबंल? तरी नवीन बॅटरी लावली. दुसऱ्या दिवशी गेलो तं थांबणं आणखी लांबलेलं.

मालकाला म्हणलो, "मालक, हे कार्ड खराब झालंय, बदलू का?"

"हात लावू नको!" ते म्हणले. "शेजारच्या कचरूचं रान बघ, निम्मं खाल्लं पाखरांनी. माह्या रानात दाणा न दाणा उभा. काढणी व्हईस्तोर राहू दे."

"पण मायला बरं न्हाई वाटून राह्यलं."

"खुर्चीवर बसून बरं वाटत न्हाई? मंग दुसरी बघतो."

माय मागं उभी व्हती. तिनं डोळे मोठे केले माह्यावर.

६

डांबरी सडक वलांडून आमच्या वस्तीवर यावं लागतं. त्या दिवशी मी सडकंच्या अल्याड टपरीवर उभा, माय पल्याडून येऊन राह्यली व्हती. डोक्यावर सरपणाचा भारा. निम्म्या सडकंवर आली आन थांबली.

परतूरकडून एसटी येत व्हती.

मला वाटलं व्हईल पुढं. भारा हलला न्हाई, पदर हलला न्हाई. ड्रायव्हरनं हॉर्न दाबूनच धरला. मी पळालो. मी हात धरून वढलं तं माय न्हाई, सिमेंटचा खांब. टायर कचकचून वाजले. एसटी एवढी जवळ आली की तिच्या तोंडाची गरम हवा लागली.

कंडक्टर खिडकीतून खाली वाकला. "मरायचंय का बाई? घरी जाऊन मर ना!"

माय हलली. पहिले एसटीकडं बघितलं, मंग माह्याकडं.

"काय झालं रं? त्यो कामून शिव्या देतो?"

"तू थांबली व्हती."

"म्या कुठं थांबले?"

लोकं हसले. मी सोता एरवी हसलो असतो. पण तिचा हात धरेल व्हता मी, तो माह्या हातात मघा गार पडेल व्हता, आन आता कुठं गरम व्हायला लागल्ता. रातभर ठरवलं, मालक गेला खड्ड्यात. मोबाईलमधी मायचा आवाज हाय, तो नव्या कार्डात भरायचा, ऑगस्टभाऊला काढायचं. काम गेलं तं गेलं.

७

दुपारी मालक जेवायला गावात गेले की गेलो. भोंग्याचा बांबू मचाणापासून जरा लांब, जोंधळ्याच्या मधी. कणसं डोक्याच्या वर. मी आत शिरलो तं पाखरं माह्या तोंडापुढून उडंनात, खांद्यानं ढकलत जावं लागलं. एक होला गालाला घासला. गरम व्हता, म्हणजे जिता व्हता.

घाईत मी काय वाजून राह्यलं ते आयकलंच न्हाई. बांबूवर चढलो, हात घातला, बटण दाबलं, कार्ड उपसलं. आन मंग कळलं की बटण दाबायच्या आधीपासूनच काही वाजत नव्हतं.

थांबण्यात बंद केलं मी. मधीच.

आता पियानो कुठून येणार?

मचाणाकडं बघितलं. माय खुर्चीवर. डोळे उघडे, जरा पुढं वाकेल, बोलावल्यावर उठायच्या बेतात असल्यावानी. मी हाक मारली. माहा आवाज मलाच लांबून आला. ऑगस्टभाऊचंच कार्ड परत घालावं म्हणलं तं गडबडीत दोन्ही कार्डं, त्याचं आन मायचं, खाली जोंधळ्यात पडली. नखाएवढी कार्डं. कुठं घावणार?

खुर्ची करकरली.

भोंगा बंद व्हता. भोंगा माह्या हातात व्हता, वायर सुटेल. आवाज मचाणावरून आला. मायच्या लाल खुर्चीच्या मागं ताडपत्री, आन ताडपत्रीच्या कडंनं आत येऊन खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकेल व्हता. कोपरापासून पुढचा. काळी बाही, पांढरा कफ, लांब बोटं. सावली असंल म्हणून मी मान वाकडी करून बघितलं. सावलीला नखं नसतात.

बोटं उचलली गेली. एक एक करून, हळू, आता कुठंतरी ठिवायची असल्यावानी. मायच्या खांद्याकडं.

मला काय सुचलं सांगू? मला आवाज काढता येतात. दुसरं काही येत न्हाई. मी छाती भरली आन मायचा आवाज काढला.

"हाऽऽऽ हुर्रर्र याऽऽ!"

ऐन मधी चिरकला माहा. मायचा फाटतो तसा न्हाई, पोरासोराचा चिरकतो तसा. पण अख्ख्या रानातली पाखरं एकदम उठली. ऊन झाकलं. धूळ, पिसं, डोळ्यात कुसळं. डोळे चोळून बघितलं तं खुर्चीची पाठ रिकामी, ताडपत्री हलून राह्यली व्हती आन माय उभी.

"आरं भाड्या," तिकडून माय म्हणली, घोगऱ्या आवाजात, "माह्याच आवाजानं मला हाकलतो का?"

मी बांबूला धरून रडलो. ती हसली. तिला वाटलं मी पडलो.

८

पाखरं परत खायला लागली. मालकानं मला शिव्या घातल्या, भोंगा भंगारात दिला आन काढणीपर्यंत मायलाच ठुलं, गोफण घेऊन. तिचा घसा तेवढा बसला. वरडायला गेली की नुसती हवा निघायची. थंडीचं हाय, व्हईल बरं, म्हणली. थांबायची बिलकुल बंद झाली. मी रोज बघायचो. चहा कपातच पडायचा.

काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक आलं, कचरूकाकाचा जावई. "तुह्या मायचा आवाज दे म्हणे भरून, लई फेमस हाय." मी मोबाईलमधली फाईल लावली. फाईल हाय, टाइम बराबर हाय, आत नुसता वारा.

गिऱ्हाईक गेल्यावर मी इयरफोन घातले आन तो व्हिडिओ उघडला. दाढीवाला, खुर्चीवर हात. तिसरा भाग. बैल हंबरला, दोघी रडल्या. थांबले. खुर्ची करकरली.

आन मागं, लई लांबून, खोलीच्या बाहेरून आल्यावानी:

"हाऽऽऽ हुर्रर्र याऽऽ."

मधी चिरकलेला.

मंग पियानो निघाला.

नऊ वर्सांपूर्वीचा व्हिडिओ. मी शंभरदा आयकलाय. नव्हता तिथं. मी इयरफोन उपसले. राधेश्यामभाऊ म्हणला, "पांढरा पडला बे." मी सायकल काढली आन घरी आलो.

माय भाकरी थापून राह्यली व्हती. थप थप थप, नेहमीची, बिनचालीची. जीव भांड्यात पडला. मोबाईल चार्जिंगला लावला आन हातपाय धुवायला मागं गेलो. तोंडावर पाणी मारलं आन आतून बैल हंबरला.

"साक्षे! बंद कर ते!"

"मायनंच लावायला सांगितलं," साक्षी आतून म्हणली. "म्हणती, ते रानातलं लाव गं, लई दिवस झाले."

बारक्या दोघी रडायला लागल्या व्हत्या. आन मंग माह्या ध्यानात आलं, रानातल्यावानी थांबण्यातच बंद झालं तं पियानो यायचाच न्हाई. "नको! बंद नको करू! राहू दे, तसंच चालू राहू दे!" वरडत वल्ल्या पायानं आत पळालो.

चौघं थांबले.

थप थप बंद झालं. मायचा एक हात परातीवर, एक वर. साक्षी चार्जरपाशी, तिचं बोट मोबाईलच्या काचंला टेकेल, ती बी हलंना. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची करकरली. तिच्यावर कोणी बसेल नव्हतं.

मला काय करायचं ते म्हाईत व्हतं. छाती भरली, तोंड उघडलं.

हवा निघाली. नुसती हवा. हेडमास्तरचा खोकला निघाला, एसटी निघाली, लांडोर निघाली. मायचा निघंना.

मोबाईलमधून तरी ते वरडणं येईल. दुपारी आल्ता, आता बी येईल. मी त्या काचंकडं बघत उभा राह्यलो, साक्षीच्या बोटाखाली व्हिडिओची लाल रेघ एका जागी अडकेल.

तव्यावरची भाकर करपल्याचा वास यायला लागला.